गोरखचिंच बाळाच्या वाटीत: जानेवारी ते सप्टेंबर

१० जानेवारीला बाळाचे सहा महिने पूर्ण झाले आणि वरचं अन्न सुरू झालं. त्याच आठवड्यात घरात गोरखचिंचेच्या भुकटीचा विषय निघाला. ती प्रत्यक्ष बाळाच्या तोंडात गेली १६ मार्चला. मधले नऊ आठवडे कशात गेले, पुढे किती दिली, कुठे थांबावं लागलं, हे तारखांसह लिहून ठेवतो आहोत. नागपुरात याबद्दल विचारलं की दोनच उत्तरं मिळतात: 'हे काय असतं?' किंवा 'खूप पौष्टिक असतं, बिनधास्त द्या'. यातलं दुसरं उत्तर जास्त धोक्याचं आहे.

गोरखचिंच म्हणजे आफ्रिकेतला बाओबाब. वरणात घालतो ती चिंच वेगळी, विलायती चिंचही वेगळी. भारतात या झाडाची जुनी खोडं मध्य प्रदेशात मांडूला, कर्नाटकात सावनूरला, हैदराबादच्या गोवळकोंड्याजवळ आहेत. मांडूत फळं रस्त्याच्या कडेला 'मांडू की इमली' म्हणून विकतात. कवच लाकडासारखं टणक, त्यावर मखमली लव. आत बियांना चिकटलेला पांढरट, खडूसारखा ठिसूळ गर आणि त्यातून गेलेले लालसर दोरे. गर झाडावरच सुकतो, त्यामुळे वाळवण घालावं लागत नाही. मलावी आणि झिंबाब्वेत हा गर पेजेत ढवळतात, सेनेगलमध्ये त्याचं 'बुय' नावाचं पेय करतात. युरोपीय संघाने २००८ साली या गराला 'नवं अन्न' (युरोपात आधी फारसं न खाल्लं गेलेलं) म्हणून परवानगी दिली, अमेरिकेत २००९ साली फळांच्या पेयांत आणि फळांच्या वड्यांत वापरायला हरकत नसल्याचं पत्र निघालं. पण हे सगळं सर्वसाधारण खाद्यपदार्थांसाठी झालं. बाळाला किती चमचे, हे त्यातून निघत नाही.

१४ जानेवारीला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. तपासणी फी ५०० रुपये, दीड तास रांग. प्रश्न कागदावर लिहून नेले होते, हे फार उपयोगी पडलं. रडतं बाळ मांडीवर असताना निम्मे प्रश्न डोक्यातून जातात. डॉक्टरांनी सांगितलं ते असं: ही वस्तू बाळाच्या आहारात आवश्यक नाही. द्यायचीच असेल तर आधी भात, मूगडाळ, नाचणी, भाज्या, फळं व्यवस्थित पचू द्या, आठ महिन्यांनंतर चिमटीने सुरू करा, आणि वजन दर महिन्याला बघा.

वजनाचं कारण तंतू. भुकटीच्या वजनात जवळपास निम्मा भाग तंतुमय असतो. मोठ्या माणसाला ते चांगलं, पण आठ महिन्यांच्या बाळाचं पोट लहान असतं. तंतूंनी ते भरलं की डाळ, तूप, दूध यांना जागा उरत नाही आणि बाळ 'छान जेवतंय' असं दिसत असताना वजन अडकतं. म्हणून गोरखचिंचेचं प्रमाण तिच्या गुणांवरून ठरवायचं नाही, तंतूंवरून ठरवायचं.

आता गुणांचा हिशोब. तिची जाहिरात होते ती क जीवनसत्त्वासाठी. १०० ग्रॅम भुकटीत ते साधारण १०० ते ३०० मिलिग्रॅम असतं. झाड, साठवण आणि जुनेपणा यांनुसार फार फरक पडतो. आमच्या घरचा चहाचा सपाट चमचा वजनकाट्यावर अडीच ग्रॅम भरला. म्हणजे अर्ध्या चमच्यात सव्वा ते पावणेचार मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे या वयाची रोजची गरज ३० मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्या संत्र्याच्या दोन फोडी, साल-बिया काढून कुस्करलेल्या, यापेक्षा जास्त देतात. तेव्हा संत्री बाजारात आहेत तोवर भुकटीची घाई करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेली, संत्री मार्च-एप्रिलपर्यंत मिळतात. ती संपल्यावर, डाळीतलं आणि नाचणीतलं लोह अंगी लागायला जेवणात थोडं आंबट हवं असतं, तिथे ही भुकटी कामाची. लोहाची मुख्य भिस्त मात्र तिच्यावर ठेवायची नाही. सहा महिन्यांनंतर आशाताई लोह-फॉलिक आम्लाचं जे सायरप देतात, आठवड्यातून दोनदा एक-एक मिलिलिटर, ते नेमाने चालू ठेवायचं. सायरप भुकटीच्या पेजेत मिसळू नका. चव बिघडते आणि बाळ पेजच नाकारतं.

खरेदीत सगळ्यात जास्त वेळ गेला. १८ जानेवारीला नागपूरच्या इतवारी बाजारात गेलो. जडीबुटीच्या दुकानात 'गोरखचिंच' म्हटल्यावर एका ठिकाणी गोरखमुंडी पुढे आली. ती पूर्णपणे वेगळी वनस्पती, औषधी बोंडं असतात. नावाच्या सारखेपणामुळे ही गफलत सहज होते, म्हणून 'बाओबाब फळाचा गर' असंच विचारा. दुसऱ्या ठिकाणी सुटी भुकटी मिळाली, पण तिचा रंग करडा-तपकिरी होता आणि बोटांत चोळल्यावर कण टोचले. बियांसकट दळलेली असावी. गराची भुकटी मळकट पांढरी ते फिकट बदामी असते, बोटात मऊ लागते, जिभेवर आंबट आणि किंचित कोरडी. बियांमध्ये लोह-जस्त अडवणारे घटक असतात. आफ्रिकेत त्या भिजवून, भाजून, आंबवून मगच वापरतात. बाळासाठी बियांची भुकटी नको. झाडाच्या पानांची हिरवी भुकटीही मिळते, तीसुद्धा वेगळी वस्तू आहे.

२१ जानेवारीला ऑनलाइन पाकीट मागवलं, १०० ग्रॅमला ४२० रुपये, आलं नऊ दिवसांनी. पाकिटावर आयातदाराचं नाव नव्हतं आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांकही नव्हता. परत केलं, पैसे यायला अकरा दिवस लागले. दुसरं पाकीट १४ फेब्रुवारीला आलं, ५६० रुपये. त्यावर चौदा आकडी परवाना क्रमांक, आयातदाराचा पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि 'शंभर टक्के फळाचा गर' अशी घटकांची ओळ होती. परवाना क्रमांक सरकारी 'फॉसकॉस' संकेतस्थळावर टाकून पाहिला; नाव जुळलं, परवाना चालू होता. दोन मिनिटांचं काम आहे, सोडू नका. घटकांत साखर, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भरीची पावडर), 'फ्लेवर' किंवा 'सुपरफूड मिक्स' दिसलं तर ते पाकीट मोठ्यांसाठी ठेवा.

फेब्रुवारीच्या शेवटी नातेवाइकांनी मांडूहून दोन अख्खी फळंही आणली. फळातून घरी भुकटी करता येते, आणि दोन्ही प्रकार करून पाहिल्यावर आमचं मत घरच्या भुकटीकडे झुकलं, कारण आत काय आहे ते डोळ्यांना दिसतं. कवच आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या. वरची लव उडते आणि अंगाला खाजते. मग फरशीवर जाड गोणपाट ठेवून हातोडीने फोडा. गर कोरडा, पांढरा आणि खडूसारखा मोडणारा हवा. काळे डाग, तपकिरी ओलसर पट्टे, कुबट वास, किड्यांचा भुसा यांपैकी काहीही दिसलं तर अख्खं फळ टाकायचं. 'तेवढा भाग काढून बाकी घेऊ' इथे चालत नाही, कारण बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही. आमच्या दोनपैकी एक फळ असंच गेलं. कवचाला तडा असलेलं फळ विकत घेऊच नये, हे त्यावरून कळलं.

गराचे खडे खलबत्त्यात हलक्या हाताने कुटायचे. बत्ता आपटायचा नाही, नुसता फिरवायचा, म्हणजे गर सुटतो आणि बिया अख्ख्या राहतात. मिक्सरमध्ये बिया फुटतात आणि सगळंच वाया जातं. नंतर आधी पिठाच्या चाळणीने, मग मैद्याच्या चाळणीने, शेवटी कोरड्या मलमलीतून चाळायचं. लाल दोरे शेवटपर्यंत राहतात आणि तेच बाळाच्या घशात अडकू शकतात. ३१० ग्रॅमच्या फळातून आम्हाला ५२ ग्रॅम भुकटी मिळाली. ती काचेच्या कोरड्या बरणीत भरली, वर तारीख लिहिली. बिया मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी लगेच टाकल्या. मूत्रपिंडाच्या आकाराच्या त्या गुळगुळीत बिया रांगणारं बाळ पहिल्यांदा तोंडातच घालणार.

१६ मार्च, सोमवार, सकाळी साडेनऊ. वार आणि वेळ मुद्दाम निवडली होती. नवा पदार्थ संध्याकाळी किंवा रविवारी सुरू केला आणि काही झालं तर दवाखाना बंद. आधीचे पाच दिवस काहीही नवीन दिलं नव्हतं, सर्दी-ताप नव्हता, पोट नेहमीसारखं होतं.

पहिलं माप म्हणजे एक चिमूट, चहाच्या चमच्याचा आठवा भाग. कोरडी भुकटी कधीही वर भुरभुरवायची नाही. ती हलकी असते, श्वासाबरोबर आत जाते आणि ठसका लागतो. शिवाय ओल्या तोंडाला चिकटून गोळा बनते. चिमूटभर भुकटी उकळून कोमट केलेल्या दोन चमचे पाण्यात घोळायची, पाच मिनिटं ठेवायची, मग चहाच्या गाळणीवर मलमल ठेवून गाळायची. भुकटीत पेक्टिन असतं, त्यामुळे पाणी किंचित दाट होतं. थेट गरम पेजेत टाकली तर बाहेरून फुगते, आतून कोरडी राहते आणि गुठळ्या होतात. पहिल्या दिवशी आमच्याही झाल्या, ती वाटी टाकून दुसरी केली.

हे पाणी दोन मोठे चमचे शिजवलेल्या मऊ भात-मूगडाळीत मिसळलं, त्यात अर्धा चमचा तूप. कोमट झाल्यावर मिसळायचं, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने जातं. पण हा नियम विश्वासाच्या बंद पाकिटापुरता. घरी कुटलेली भुकटी वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायची तर घोळ एक मिनिट उकळी आणूनच द्यावा. थोडं जीवनसत्त्व गेलं तरी चालेल, कच्च्या भुकटीतले जंतू जायला हवेत. अर्ध्या चमच्यात जे दोन-तीन मिलिग्रॅम आहे त्यासाठी जुलाबाची जोखीम घेण्यात अर्थ नाही.

"एवढ्याशा लेकराले आंबट काहून देता?" हा आजीचा प्रश्न रास्तच होता, आणि त्यावरचा घरातला उपाय होता मध. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, एक बोटही नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी बाळाला बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा, होऊ शकतो. गूळ-साखरही नको. आंबटपणा मोडायला पिकलेलं केळं, चिकू किंवा वाफवलेला लाल भोपळा पुरतो. भोपळ्याबरोबर ही चव सगळ्यात छान बसते. दुधात मात्र घालू नका. गर इतका आंबट असतो की दूध फाटतं. बाटलीतल्या पावडरच्या दुधात तर कधीच नाही. दूध फाटतं, दाट होतं आणि निपलचं छिद्र बुजतं. दह्यात चालतो.

पहिल्या दिवशी तीन चमचे खाल्ले, तोंड वाकडं केलं, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी, १७ मार्चला, जेवणानंतर हनुवटीवर आणि ओठांभोवती लाली आली. इथे घाबरायला होतं, म्हणून सविस्तर लिहितो. आम्लाच्या स्पर्शाने येणारी लाली जिथे अन्न लागलं तिथेच असते, गांधी उठत नाहीत, आणि पुसल्यावर तासाभरात विरते. ती चाळीस मिनिटांत गेली. अॅलर्जीत गांधी पोटावर, पाठीवर, कुठेही उठतात, ओठ-पापण्या सुजतात, उलट्या पुन्हा पुन्हा होतात, आवाज बसतो किंवा श्वासाला घरघर लागते. यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, १०८ ला फोन करून रुग्णालय गाठायचं. या झाडाची अॅलर्जी सर्रास दिसत नाही, पण म्हणून ती होणारच नाही असं धरू नये. आम्ही फोटो काढून ठेवले, दोन दिवस भुकटी बंद ठेवली, डॉक्टरांना दाखवलं आणि २० मार्चपासून निम्म्या मापाने पुन्हा सुरू केली. जेवणाआधी हनुवटीला खोबरेल तेलाचं बोट लावलं, जेवताना ओल्या फडक्याने टिपत राहिलो. लाली परत आली नाही.

पुढची वाढ अशी केली: तीन दिवस तेच माप, मग पाव चमचा, पुन्हा चार दिवस तेच. पाव चमच्यावर असताना शी थोडी सैल आणि वारंवार होऊ लागली, दिवसातून दोनऐवजी चारदा. पाणी नव्हतं, रक्त-चिकटा नव्हता. एक दिवस आड केल्यावर बसलं. त्यातून माप ठरलं ते असं: वर्षाच्या आत आठवड्यातून तीन दिवस, दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त अर्धा सपाट चमचा, तेही वाटीभर डाळ-भात-तुपाबरोबर. रोज नाही.

६ एप्रिलपासून १७ एप्रिलपर्यंत पूर्ण बंद. १० तारखेला नऊ महिने पूर्ण होऊन गोवर-रुबेलाची लस आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस होता. लशीनंतर ताप-पुरळ येऊ शकतं, आणि त्याच सुमारास नवा पदार्थ चालू असेल तर कशामुळे काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. लशीच्या तारखेच्या आगेमागे काही दिवस काहीही नवं देऊ नये, हे सगळ्याच पदार्थांना लागू.

मे महिना नागपूरचा. पारा ४५ च्या घरात असताना तंतू उलटे वागतात: अंगात पाणी कमी पडलं की तेच तंतू शी घट्ट करतात. ९ मेला बाळाला दोन दिवस शी झाली नाही, पोट टणक. भुकटी बंद केली, स्तनपान वाढवलं, उकळून गार केलेलं पाणी वाटी-चमच्याने दर जेवणाबरोबर दिलं, तिसऱ्या दिवशी मोकळं झालं. उन्हाळ्यात भुकटीच्या प्रत्येक जेवणाबरोबर दोन-तीन चमचे पाणी ठेवा आणि पातळ पेजेतूनच द्या. ज्वारीच्या पिठाची साधी पेज, न आंबवलेली, शिजवून कोमट करून त्यात पाव चमच्याचा गाळलेला घोळ घातला की चव आंबिलीच्या जवळ जाते. बाळाने उन्हाळ्यात सगळ्यात आवडीने हेच खाल्लं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि बरणीतल्या भुकटीचे खडे झाले. ती हवेतलं पाणी ओढते. ओला चमचा एकदा गेला तरी पुरे. गोळा झालेली, रंग गडद झालेली भुकटी चाळून वापरू नका. आमची ३० ग्रॅम टाकावी लागली. त्यानंतर पाकीट फोडलं की दहा-दहा ग्रॅमच्या लहान कोरड्या बाटल्या भरतो, एक वापरात, बाकी फ्रीजमध्ये, आणि फ्रीजमधली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडत नाही. फोडल्यापासून दोन महिन्यांत संपवतो. दर महिन्याचं वजन अंगणवाडीच्या काट्यावर घेऊन माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदवत होतो. वजनाची रेषा कार्डावरच्या आलेखात आपल्या पट्ट्यात वर जात राहिली, म्हणूनच पुढे चालू ठेवलं. रेषा सपाट दिसली असती तर भुकटी पहिली बंद केली असती.

१० जुलैला वर्ष झालं. त्यानंतर माप वाढवलं ते एका सपाट चमच्यापर्यंत, आठवड्यातून चार दिवस. आता घोळ गाळल्याशिवायही चालतो, पण गुठळी मोडावी लागतेच. धिरड्याच्या पिठात, थालीपिठाच्या भाजणीत, वरणात आंबटासाठी वापरता येते. तव्यावर जीवनसत्त्व उरत नाही, चव उरते. सात-आठ दात आलेत, त्यामुळे आंबट खाल्ल्यावर दोन घोट पाणी देतो आणि लगेच दात घासत नाही, अर्धा तास थांबतो. चोखायच्या कपात किंवा बाटलीत भुकटीचं सरबत घालून दिवसभर हातात देणं दातांसाठी वाईटच.

ऑगस्टमध्ये ओळखीच्यांनी पूर्व आफ्रिकेतून लाल रंगाची गोड गोरखचिंच आणली. तिकडे 'मबुयू' किंवा 'उबुयू' म्हणतात, साखर-रंगात घोळवलेल्या अख्ख्या बिया असतात, चोखून बी थुंकायची. मोठ्यांना आवडते. चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

काही घरांनी सुरूच करू नये किंवा आधी डॉक्टरांना विचारावं. जेवण सारखं वर येणारी बाळं, वजन कमी असलेली किंवा वेळेआधी जन्मलेली बाळं, मूत्रपिंडाचा त्रास असलेली मुलं. विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमियाची मुलं बरीच आहेत. ज्यांना वारंवार रक्त द्यावं लागतं त्यांच्या शरीरात लोह आधीच साठतं, आणि क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. चमचाभराने फार फरक पडत नसला तरी तो निर्णय त्यांच्या रक्तविकारतज्ज्ञांनी घ्यायचा, घरातल्यांनी नाही. जुलाब लागले की, बाळ कुठलंही असो, भुकटी बंद, ओआरएस आणि जस्ताची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू, स्तनपान चालू.

जानेवारी ते सप्टेंबरचा खर्च: वापरलेली दोन पाकिटं ११२० रुपये, ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा ३८० रुपये, मलमल ६० रुपये, डॉक्टरांच्या दोन फेऱ्या १००० रुपये. फळं भेट आलेली. वापरलेल्या दोनपैकी नंतरचं पाकीट अजून निम्मं शिल्लक आहे. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेली, पहिली संत्री बाजारात दिसायला लागली आहेत, तेव्हा या आठवड्यापासून बाटली फ्रीजमध्ये मागे सरकवली आहे आणि वाटीत पुन्हा संत्र्याच्या फोडी आहेत, बिया आणि पांढरे धागे काढून.